टाकीला विरजण

आमच्या बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, मधोमध कालवांच्या शिंपांचा ढीग, वर निळसर दिवा. मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी काचेत डोकावतो, मग माझ्याकडे बघतो आणि आवाज उतरवून विचारतो, "मेले काय रे सगळे?"

मेले नाहीत, अजून आणलेच नाहीत. जानेवारीत टाकी भरली, आता जून संपत आला. एवढे दिवस मी काय केलं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला दाखवता येईल.

माझं रत्नागिरीत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे आणि घर भाट्याला. म्हणजे समुद्र दारात. "दारात एवढा समुद्र असताना घरात कशाला?" हा बायकोचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. नादच तो. गोड्या पाण्यातले गोल्डफिश पाळून झाले होते. भाची शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिच्या तोंडून खाऱ्या पाण्याच्या गोष्टी ऐकून ऐकून किडा डोक्यात शिरला.

तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, मासा शेवटी. आधी जे दिसत नाही ते पाळायचं."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

पाण्यापासून सुरुवात. भाट्याला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते, त्यामुळे दारातलं पाणी कामाचं नाही. ओहोटीला बादलीभर आणून हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा मोजतो तो) सोडला तर १.०२० च्या वर काटा जाईना. हवं १.०२५ च्या आसपास, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. मग दुकानाचा टेम्पो काढला आणि भरतीच्या वेळी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन वीस-वीस लिटरचे कॅन भरून आणले, तेही दोन खेपांत. (बॅटरीच्या ॲसिडचे कॅन बाजूला ठेवले होते हो. बायकोनं तीनदा विचारलं.) टाकी कागदावर १९० लिटरची, पण काठोकाठ कोण भरतो? प्रत्यक्षात पाणी १७०च्या घरात.

हे पाणी तसंच ओतायचं नाही. भाचीनं दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात ते ओतायला लावलं, ब्लीचिंग पावडर टाकली, दिवसभर हवा सोडली आणि मग हायपो घालून उरलेलं क्लोरीन मारलं. हॅचरीवाले, म्हणजे माशांची-कोलंबीची पिल्लं तयार करणारे, असंच करतात म्हणे. किनाऱ्याच्या पाण्यात माशांच्या उवा, हायड्रॉइड (चिकटून वाढणारे बारीक डंखी जीव), काय काय असतं. नव्या टाकीत त्यांना खाणारं कोणी नसतं आणि तेच मालक होऊन बसतात.

"जिवंत पाणी आणायचं, ते मारायचं आणि मग त्यात जीव सोडायचे?" बायको.

"दूध आधी तापवतो ना मामी? मगच विरजण लावतो," भाची म्हणाली. तिथून आमच्या घरात या सगळ्या उद्योगाला विरजण हेच नाव पडलं.

वाळूचीही एक गंमत. रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी दोन नावं चालतात, वाळूच्या रंगावरून. मांडवीची काळी वाळू फुकट आणि दिसायलाही झकास. पण जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कागदाखालून फिरवलं तर कणांना मिशा फुटल्या. लोखंड! तेच जांभ्याचं. शेजारी म्हणाला, चार चिरे फोडून देतो, भोकंभोकंवाला दगड आहे, जीवजंतू मस्त राहतील. भोकं खरी, पण जांभा लाल होतो तो लोहामुळेच, आणि पाण्यात लोह उतरलं की शेवाळाची चंगळ. प्रवाळाचे दगड आणावेत तर प्रवाळ कायद्यानं संरक्षित, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. मालवणला बुडी मारून आलेला कोणी पिशवीतून 'आठवण' म्हणून आणून देऊ लागला तरी घेऊ नका. शेवटी तळाला कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा धुऊन घातला, आणि दगडांच्या जागी कालवांच्या शिंपा. आमच्याकडे त्या परसात पडलेल्याच असतात. उकळून, घासून, आठवडाभर उन्हात टाकून मग रचल्या. खडबडीत, कपारी भरपूर, आणि शुद्ध चुना, त्यामुळे पाणी आंबट व्हायला लागलं की तोच सावरून धरतो.

आता पहिलं विरजण, जीवाणूंचं.

मासा लघवी करतो, शेण टाकतो, उरलेलं खाणं कुजतं. या सगळ्यातून अमोनिया होतो आणि तो माशाला विष. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशी जोडी असते. भाची म्हणते की टाक्यांमध्ये दुसरं काम बहुतेक नायट्रोस्पायरा करतो, नायट्रोबॅक्टरचं नाव उगाच मोठं झालंय. हे जीव पाण्यात तरंगत नाहीत. शिंपेला, काचेला, फिल्टरच्या स्पंजला चिकटून बसतात आणि वाढतात अगदी सावकाश. दह्याचं विरजण रात्रीत लागतं, हे महिना-दीड महिना घेतं.

त्यांना खायला अमोनिया हवा, आणि मासा तर सोडायचा नाही. म्हणून एक कोलंबी, सालासकट, जुन्या पायमोज्यात बांधून टाकीत लोंबकळत ठेवली. चौथ्या दिवशी आई देवघरातून बाहेर आली. "मेल्या, घरात काय कुजवतोयस?" कोलंबी म्हटल्यावर ती आधी कोलंबीच्या दराबद्दल बोलली आणि मग वासाबद्दल.

माझी पहिली चूक इथली. गोल्डफिशच्या टाकीतला जुना स्पंज माझ्याकडे होता, जीवाणूंनी गच्च भरलेला. तोच पिळून खाऱ्या टाकीत टाकला, म्हटलं आयतं विरजण. दोन आठवडे अमोनिया मोजायच्या किटच्या नळीतला हिरवा रंग तसूभर हलला नाही. गोड्या पाण्यातले ते जीव एकदम एवढ्या मिठात गेल्यावर काम कसले करणार? म्हशीच्या दुधाचं विरजण गाईच्या दुधाला चालतं, पण इडलीचं पीठ घालून दही लागत नाही. मग भाचीनं तिच्या मैत्रिणीच्या खाऱ्या टाकीतला बोटभर स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. नऊ-दहा दिवसांत अमोनिया उतरायला लागला, नायट्राइटची नळी जांभळी झाली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. मी दुकानात पेढे वाटले. कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट भाचीनं सांगितली. समुद्रात अमोनिया पचवण्याचं काम मुख्यत्वे जीवाणूच करतात असं शंभर वर्षं धरून चालले होते. २००५ साली कळलं की आर्किया नावाचे, जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्याच कुळातले जीवही ते करतात. समुद्रात त्यांची संख्या प्रचंड आहे. त्यातला पहिला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, वेगळा काढून वाढवला तो कुठून? खोल समुद्रातून नाही. अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या तळच्या खड्यांतून. म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी खडे धूत असणार आणि त्याच्या हाताला हे लागून जात असणार.

दुसरं विरजण कोपेपॉडचं, म्हणजे पाण्यातल्या अगदी बारीक किड्यांचं, आणि खरी कथा इथून सुरू होते.

कोपेपॉड म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, पण माझ्या वयाच्या माणसांना त्यातला एक चांगला ठाऊक आहे. शाळेच्या भिंतीवर नारूचं चित्र असायचं. पायातून निघणारा दोरा, पायऱ्यांची विहीर आणि खाली 'पाणी गाळून प्या'. त्या पाण्यातला सायक्लॉप्स, ज्याच्या पोटातून नारू माणसात जायचा, तो कोपेपॉडच. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ सालचा, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्सची बदनामी मात्र धुतली गेली नाही. आई अजून म्हणते, "ते किडे? जे आम्ही गाळून टाकायचो ते तू पाळणार?"

तेच. म्हणजे त्यांचे खाऱ्या पाण्यातले चुलतभाऊ. एक सुका जवळा घ्या आणि त्याचे पंधरा-वीस तुकडे करा, एक तुकडा म्हणजे एक कोपेपॉड. मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. आमच्याकडे आहेत ते टिस्बे नावाचे, काचेवर आणि शिंपांवर सरपटणारे. नव्या टाकीत महिनाभरानं जो तपकिरी थर चढतो (डायटम ते), तो हे चरतात. कुजलेलं उरलंसुरलं खातात. त्यांची पिल्लं पाण्यात पोहतात आणि लहान तोंडाच्या माशांना तेच जिवंत खाणं. मँडरिन नावाचा एक सुरेख मासा आहे, दिवसभर टिपत फिरतो. कोपेपॉड नसलेल्या टाकीत तो बहुतेक वेळा डोळ्यांदेखत वाळत जातो. म्हणून हे आधी, आणि भरपूर. मासा आधी आणला तर पहिल्याच रात्री वंशखंड.

मार्चमध्ये भाचीनं पाण्याच्या बाटलीतून कोपेपॉडचं कल्चर, म्हणजे जिवंत विरजण, आणलं. उजेडाकडे धरलं तर धुळीचे कण थुईथुई करत होते. तिनं अर्धं काढून आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं. आरे-वाऱ्याच्या पाण्याचा एक कॅन पिंपात न ओतता तसाच राहिला होता, त्याचं ब्लीचिंग तिनं कॅनमध्येच केलं होतं. ते पाणी बरणीत घातलं आणि हवेची बारीक नळी सोडली. "हे आपलं राखीव विरजण." उरलेलं अर्धं टाकीसाठी. रात्री दहाला दिवा बंद, पंप बंद, फिल्टरची पिशवी काढून ठेवली. बाटली आधी टाकीत तरंगत ठेवून तापमान एक केलं, मग सलाईनच्या नळीनं टाकीचं पाणी थेंबथेंब बाटलीत, तासभर. आणि शेवटी लांब नळीनं थेट शिंपांच्या तळाशी हळूच सोडून दिलं. पंप अर्ध्या तासानं सुरू.

खायला हिरवं पाणी. नॅनोक्लोरोप्सिस, दोन-चार मायक्रॉनचं शेवाळ, दाट पोपटी. ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि रोज हलवायचं. मी ते कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की मेहुण्याला काही अपाय झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री टॉर्च मारला तर काचेवर काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशीही नाही. शेजारच्या घड्याळजीकडून डोळ्यात अडकवायचं भिंग मागून आणलं आणि नाक काचेला लावून तासभर बसलो. काहीच नाही. तपकिरी थर मात्र मजेत वाढत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला बरणीतले अर्धे काढून पुन्हा तोच विधी. पुन्हा तेच. यावेळी सोबत खडपातल्या दोन लहान गोगलगायी सोडल्या होत्या. त्या शिंपेत शिरल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. बरणीत मात्र गर्दी वाढत चाललेली. दीडशे रुपयांच्या हवेच्या पंपावर बरणी जोरात, आणि एवढा खर्च केलेली टाकी स्मशान. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मीठ बरोबर, तापमान २७. चिडचिड झाली. मी भाचीला म्हटलं, तुझे किडेच नाजूक आहेत.

तिनं शांतपणे विचारलं, "मामा, बरणीतलं पाणी कुठलं?"

"आरे-वाऱ्याचं."

"आणि टाकीतलं?"

"तेच की."

"तेच, पण मधे कुठे राहिलं?"

पिंपात! मागच्या पडवीत दोघं गेलो. पिंपाच्या बुडाला मी स्वतः भोक पाडून नळ बसवलेला, चांगला जड, पितळी, जुन्या घराच्या सामानातला. प्लास्टिकचा नळ गळतो असं माझं ठाम मत. पाणी आठवडेच्या आठवडे त्याला लागून उभं, आणि टाकीत जाणारा प्रत्येक थेंब त्यातूनच. नळाच्या तोंडाला निळसर हिरवी बुरशीसारखी पूड धरलेली. आई मागून आली, बघितलं आणि म्हणाली, "पितळेत ठेवलंस होय? कळकलं मग ते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकणारच."

सहा आठवडे आम्ही दोघं मोजपट्ट्या, नळ्या आणि भिंगं घेऊन बसलो होतो आणि निदान केलं आईनं, एका शब्दात.

पितळेत तांबं असतं आणि खारं पाणी ते खातं. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं देतात. मासा ते सोसतो. पाठीचा कणा नसलेले बहुतेक जीव, कोपेपॉड, गोगलगाय, कोलंबी, प्रवाळ, सोसत नाहीत. शून्यानंतर टिंबाच्या पुढचा आकडा आहे तो! जीवाणू मात्र तेवढ्यानं मान टाकत नाहीत, म्हणून माझ्या नळ्या सगळं आलबेल दाखवत होत्या. तांबं मोजायचा किट मागवला, रंग आला. माझ्या धंद्यात तांबं म्हणजे पैसा. वायरचा तुकडासुद्धा मी फेकत नाही.

नळ काढला, पिंपच बदललं. मे महिन्यात तीन वेळा जवळजवळ अर्धं-अर्धं पाणी बदललं, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं धरून ठेवणारं रेझिन भरलं. तळाचा चुरा पूर्ण काढून टाकला, कारण चुनखडी तांबं धरून ठेवते आणि मग हळूहळू सोडत बसते. शिंपा काढायला जीव होईना, त्यांच्यावर सहा आठवड्यांचं विरजण होतं. अर्ध्या काढल्या, अर्ध्या ठेवल्या. हा निर्णय चुकला असता तर पुन्हा पहिल्यापासून. भाची ठेवू नको म्हणत होती. यात मी तिचं ऐकलं नाही, आणि निभावलं.

घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. पाऊस सुरू झाला की समुद्र खवळतो, किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, नद्यांनी मीठ उतरतं. पुढचे तीन-चार महिने पाणी आणणं विसरा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सहा कॅन साठवून ठेवले, प्लास्टिकच्या झाकणांचे.

तांब्याची नळी बिनरंगाची आल्यावरही आठवडा थांबलो. मग एक गोगलगाय सोडली. ती सकाळी काचेवर अर्ध्यापर्यंत चढली होती, मागे स्वच्छ पट्टा ठेवत. त्या रात्री बरणीतले कोपेपॉड तिसऱ्यांदा सोडले. यावेळी सलाईनची नळी दीड तास चालवली, उगाच, भीतीपोटी.

अकराव्या दिवशी एक दिसला. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, पांढरा टिंब, पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. भिंगातून बघितलं तर पोटाखाली अंड्यांची पिशवी. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं दिसत नाही, कात टाकत टाकत मोठं होतं. उबदार पाण्यात दोन आठवड्यांच्या आत-बाहेर तेही अंडी घालायला तयार. त्यामुळे एकदा लागलं की वाढ व्याजासारखी. जूनच्या मध्यावर हाताच्या तळव्याएवढ्या काचेवर चाळीस मोजले आणि मोजणं सोडून दिलं.

परवा वादळी पावसात रात्री लाईट गेली. सगळ्या गावाचे इन्व्हर्टर मी बसवतो. माझ्याच घरातली बॅटरी महिनाभर दुरुस्तीसाठी दुकानात पडलेली. हवा बंद पडली तर तासा-दोन तासांत पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो आणि पहिला फटका जीवाणूंना. दुकानातून एक लहान बारा व्होल्टची बॅटरी आणली, हवेचा पंप त्यावर जोडला आणि टॉर्च घेऊन टाकीसमोर बसलो. आई झोप येत नाही म्हणून येऊन बसली. मी घड्याळजीचं भिंग तिच्या हातात दिलं. तिला डोळ्यात अडकवता येईना, मग हातानंच धरून बराच वेळ बघत राहिली.

"हे जवळ्याचं पिल्लू काय रे?"

"नाही गो, वेगळंच."

"मासा कधी आणणार?"

"गणपतीनंतर."

"मग हे खाऊन टाकील तो."

"थोडे खाईल. थोडे कपारीत राहतील."

तिनं भिंग परत दिलं नाही. काल दुपारी शेजारीण डोकावून म्हणाली, "अगो, टाकी रिकामीच काय अजून?" तर आतून आई म्हणाली, "रिकामी कुठली? रात्री ये जेवून, दाखवते."

लोणच्याची बरणी मी अजून मोडलेली नाही. यंदाचं लोणचं दुसऱ्या बरणीत भरलं.